डंकर घराण्याचा माग: पेनसिल्व्हेनियापासून ओहायो-इंडियानापर्यंत कसा काढाल?

आमच्या सुनेचं माहेर ओहायोतलं, डेटनजवळचं. तिच्या आजोबांना दोनच गोष्टी ठाऊक होत्या: पूर्वज व्हर्जिनियातून वॅगनने आले आणि ते ‘डंकर’ होते. एवढ्यावरून सुरुवात करून १७३०च्या दशकातल्या पेनसिल्व्हेनियापर्यंत पोचता येतं. अमेरिकेतल्या मराठी घरांत आता अशा सुना-जावई पुष्कळ आहेत. नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात, तेव्हा आपल्या बाजूचा कुलवृत्तांत कपाटातून निघतो आणि दुसरी बाजू कोरी राहते. ती भरायला बसलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

थोडी पार्श्वभूमी. १७०८ साली जर्मनीतल्या श्वार्झेनाऊ गावी आठ जणांनी एडर नदीत प्रौढपणी नव्याने बाप्तिस्मा घेतला. अलेक्झांडर माक हा त्यांचा पुढारी. हे लोक पाण्यात गुडघे टेकून तीनदा पुढे वाकून बुडी घेत, म्हणून बाहेरचे त्यांना डंकर, टंकर, डंकर्ड म्हणू लागले. ते स्वतःला नुसतं ‘ब्रेदरन’ म्हणवत. १७१९ मध्ये पीटर बेकर क्रेफेल्डहून पहिली तुकडी घेऊन फिलाडेल्फियाशेजारच्या जर्मनटाउनला आला आणि १७२३ च्या नाताळच्या दिवशी विसाहिकन ओढ्यात त्यांचा अमेरिकेतला पहिला बाप्तिस्मा झाला. माक १७२९ मध्ये आला. पुढच्या शंभर वर्षांत हे लोक वसाहतीच्या सरहद्दीबरोबर पश्चिमेकडे सरकत गेले आणि आपल्याला माग काढायचा आहे तो याच सरकण्याचा.

१. आधी ‘ब्रेदरन’ कोणते ते ठरवा

इथे चुकलात तर पुढचं सगळं फुकट. एकाच भागात, एकाच भाषेत, सारख्या नावाचे चार-पाच पंथ होते. ‘युनायटेड ब्रेदरन’ हा ओटरबाइन आणि बोम यांनी काढलेला वेगळा पंथ. मोरेव्हियन लोकही स्वतःला ब्रेदरन म्हणवत, पण ते लहान मुलांना बाप्तिस्मा देत आणि नोंदी बारकाईने ठेवत. तुमच्या माणसाची जन्म-बाप्तिस्म्याची सविस्तर नोंद पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमच्या मोरेव्हियन वहीत सापडली, तर बहुधा तो डंकर नव्हेच. ‘रिव्हर ब्रेदरन’ निराळे, ‘प्लिमथ ब्रेदरन’ तर मूळचे ब्रिटिश बेटांतले.

शिवाय डंकरांचं अधिकृत नावही बदलत गेलं. १९व्या शतकात ‘जर्मन बॅप्टिस्ट ब्रेदरन’. १८८० नंतरच्या फुटीत जुन्या रीतीचे ‘ओल्ड जर्मन बॅप्टिस्ट ब्रेदरन’ एकीकडे गेले, सुधारक ‘द ब्रेदरन चर्च’ दुसरीकडे, आणि मधला मोठा गट १९०८ पासून ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ झाला. काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) जुन्या इतिहासांत यांना सरळ ‘बॅप्टिस्ट’ लिहून टाकलेलं असतं. जर्मन आडनावाचा ‘बॅप्टिस्ट’ दिसला की थांबा.

यातल्या मधल्या गटाचा आपल्याशीही संबंध आहे. विल्बर स्टोव्हर हे त्यांचे मिशनरी १८९४ मध्ये मुंबईला उतरले, वलसाडला ठाणं केलं आणि पुढे डहाणूपर्यंत त्यांचं काम पोचलं. त्यांच्या मंडळ्यांपैकी (म्हणजे गावोगावच्या चर्चसभांपैकी) बऱ्याच १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. तेव्हा तुमच्या व्याह्यांच्या घरी ‘आमचे कोणी नातेवाईक इंडियात होते’ असं ऐकलंत, तर हसण्यावारी नेऊ नका. पंथ कोणता, याचा धागा तिथे मिळू शकतो.

२. हाताशी काय हवं

- फॅमिलीसर्च या वंशावळ-शोधाच्या वेबसाइटचं खातं (फुकट आहे). पैसे भरायच्या साइट्स नंतर बघा.
- काउंट्यांच्या हद्दी वर्षागणिक दाखवणारा नकाशा. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाचा ऑनलाइन आहे.
- फेडरल जमिनींच्या सनदांची सरकारी वेबसाइट. ती ओहायो आणि त्याच्या पश्चिमेसाठी.
- व्हर्जिनियाच्या जमिनींसाठी लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाचा संग्रह.
- घरातलं जुनं बायबल. कोऱ्या पानांवर जन्म-मृत्यू लिहिलेले असतात. बायबल छापल्याचं साल आधी बघा: ते १८४० चं असेल आणि पहिला जन्म १७७० चा असेल, तर ती नोंद नंतर आठवणीने लिहिलेली आहे.
- एक साधी वही किंवा स्प्रेडशीट: तारीख, काउंटी, कागद, आणि त्या कागदावरची *सगळी* नावं.

शेवटच्या ओळीतलं ‘सगळी’ गंभीरपणे घ्या. का, ते पुढे येईलच.

३. आजपासून मागे १८५० पर्यंत

हा टप्पा सोपा. १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय आणि जन्माचं राज्य मिळतं. १८८० मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि आईवडिलांची जन्मस्थळंही मिळतात. १८९० ची जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी गेली, त्यामुळे १८८० ते १९०० मधली वीस वर्षं मृत्युलेखांवर काढावी लागतात.

मृत्युलेखांची मात्र इथे चंगळ आहे. १८५१ पासून ‘गॉस्पेल व्हिजिटर’ हे ब्रेदरन मासिक निघू लागलं. त्यानंतर बरीच नियतकालिकं आली, १८८३ पासून ‘गॉस्पेल मेसेंजर’. गावोगावच्या मंडळ्या आपल्या मयतांची माहिती त्यांना कळवत: जन्म कुठे, लग्न कोणाशी, कोणत्या साली कुठून कुठे आले, अंत्यविधीला कोणतं वचन वाचलं. यांचे बरेच अंक इंटरनेट आर्काइव्हवर वाचता येतात. यंत्राने केलेला शोध जुन्या छपाईत नाव चुकवतो, म्हणून मृत्यूचं साल माहीत असेल तर ते वर्ष पानं उलटून वाचा.

४. १८५० च्या मागे: नसलेल्या नोंदी शोधत बसू नका

नवखे लोक इथे महिनोन्‌महिने घालवतात. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आजा-पणजा सापडतो. तशी वही इथे कोणी ठेवलीच नाही, आणि त्याचं कारण त्यांच्या धर्मात आहे. लहान मुलाला बाप्तिस्मा नाही, म्हणून जन्माची नोंद नाही. पगारी पाळक नाही, शेतकऱ्यांतूनच निवडलेले एल्डर असत. उपासना आळीपाळीने घराघरांत होई. जर्मनटाउनलादेखील सभागृह बांधलं गेलं ते १७७० मध्ये. जुन्या थडग्यांवर अनेकदा आद्याक्षरं कोरलेला दगड, तोही खडकाळ शेतातला.

पण याच श्रद्धांमुळे सरकारी कागदांत त्यांच्या वेगळ्या खुणा उमटल्या. त्या ओळखायला शिका.

*शपथ न घेणारे.* डंकर शपथ घेत नसत. ब्रिटिश वसाहतींत परक्यांना नागरिकत्व देण्याच्या याद्या आहेत, त्यांत शपथ घेणारे आणि नुसतं गांभीर्याने प्रतिज्ञापूर्वक सांगणारे अशी वेगळी मोजदाद असते. तुमचा माणूस दुसऱ्या यादीत असेल तर तो क्वेकर, मेनोनाइट, मोरेव्हियन किंवा डंकर.

*शस्त्र न धरणारे.* पेनसिल्व्हेनियाच्या १७७७ च्या, म्हणजे स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या, मिलिशिया (नागरी सैन्य) कायद्यात १८ ते ५३ वयाचे गोरे पुरुष येत. यादीत नाव आहे म्हणून तो सैनिक होता असं नव्हे, फक्त त्या वयाचा होता. कवायतीला न गेल्याबद्दलच्या दंडाची यादी बघा. वर्षानुवर्षं दंड भरणारा, नव्या सरकारशी निष्ठेची शपथ न घेतल्याने जादा कर भरणारा माणूस बहुधा आपला. उलट, १८८० च्या आसपास छापलेले काउंटी-इतिहास प्रत्येकाचा पणजोबा वॉशिंग्टनबरोबर लढवतात. ते वर्गणीदारांच्या पैशांवर छापले जात, हे ध्यानात ठेवूनच वाचा.

*गुलाम न ठेवणारे.* यांच्या वार्षिक सभेने १७८२ मध्ये आणि पुन्हा १७९७ मध्ये गुलामगिरीविरुद्ध ठराव केले. व्हर्जिनियाच्या करयाद्यांत गुलामांसाठी वेगळा रकाना असतो. त्याच नावाचे दोघे असतील आणि एकाच्या रकान्यात आकडा असेल, तर तुमचा माणूस बहुतेक दुसरा.

आणि एक मोलाचा अपवाद. मॉर्गन एडवर्ड्स नावाच्या बॅप्टिस्ट धर्मगुरूने १७७० मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या बॅप्टिस्टांची माहिती छापली. त्यात त्याने डंकर मंडळ्याही घेतल्या आणि सभासदांची नावं दिली. त्या काळची अशी दुसरी यादी मिळणं कठीण. तुमचं आडनाव त्यात असेल, तर कोणत्या मंडळीत आणि *शेजारी कोण* हे दोन्ही उतरवून घ्या.

५. जहाजाच्या यादीचा मोह आवरा

१७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या परदेशी पुरुषांची नावं लिहून घेत. याद्या छापलेल्या आहेत, त्यामुळे सगळे तिकडेच धावतात. पण त्यांत मुख्यतः सोळा वर्षांवरचे पुरुष असतात. बायका-मुलं क्वचित. १७१९ ची बेकरची तुकडी त्यांत असणं शक्यच नाही. एकेका जहाजाच्या तीन-तीन याद्या असू शकतात, आणि इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं नाव जर्मन सहीपेक्षा भलतंच दिसतं. ‘योहान्नेस म्युलर’ सापडला म्हणून आनंदून जाऊ नका, तसे डझनांनी आहेत. जहाज ही शेवटची पायरी समजा.

६. वाटा पाठ करा

डंकर एकटेदुकटे फारसे गेले नाहीत. पाच-दहा कुटुंबं, त्यांत एखादा एल्डर, आणि मागाहून सोयरे. म्हणून एका माणसाचा माग तुटला, तरी घोळक्याचा माग लागतो.

पहिली वाट: जर्मनटाउन, लँकेस्टर, मग यॉर्ककडचं कोनेवागो, तिथून मेरीलँडमध्ये मोनोकेसी आणि अँटिएटमचा भाग. पोटोमॅक ओलांडली की व्हर्जिनियाचं शेनँडोआ खोरं. हीच ‘ग्रेट वॅगन रोड’. खोऱ्यात रॉकिंगहॅम, पुढे बॉटेटॉर्ट आणि डोंगरापलीकडे फ्रँकलिन काउंटी ही डंकरांची ठाणी. आजच्या रोआनोकजवळ वाट फुटते: एक दक्षिणेला कॅरोलायनात यॅडकिन नदीकडे, दुसरी नैर्ऋत्येला टेनेसीकडे.

दुसरी वाट: मेरीलँडमधून उत्तर-पश्चिमेला डोंगरांत, पेनसिल्व्हेनियाच्या मॉरिसन्स कोव्ह आणि ब्रदर्सव्हॅली या भागांत. ब्रदर्सव्हॅली हे नावच या लोकांवरून पडलं. पुढे मोनोंगहेला नदी, मग सपाट तळाच्या नावेतून ओहायो नदीने सिनसिनाटी.

दोन्ही वाटा १८०० च्या सुमारास ग्रेट मायमी नदीच्या खोऱ्यात, डेटनभोवतीच्या मॉन्टगोमेरी, प्रेबल, डार्क काउंट्यांत येऊन मिळाल्या. तिथून पुढे इंडियाना: १८०९ मध्ये आग्नेय कोपऱ्यात फोर माइल मंडळी, १८३० च्या सुमारास उत्तरेला एल्कहार्ट. मग इलिनॉय, आयोवा, कॅन्सस. १८९० च्या दशकात तर रेल्वे कंपनीच्या एजंटाने इंडियानातून ब्रेदरन कुटुंबं गाडीने नॉर्थ डाकोटातल्या कँडोला नेली.

कॅरोलायना आणि केंटकीतल्या काही मंडळ्या १८०० च्या आगेमागे ‘सगळ्यांचंच तारण होतं’ या शिकवणीच्या वादात मुख्य प्रवाहापासून तुटल्या. त्या भागात कुटुंब एकाएकी ‘ब्रेदरन’ दिसेनासं झालं, तर ते मेलं किंवा हललं असं लगेच धरू नका.

एक गोष्ट मात्र कोणत्याही कौटुंबिक पुस्तकात नीट लिहिलेली मला दिसली नाही. मायमीचं खोरं वसाहतीला खुलं झालं ते १७९४ ची फॉलन टिंबर्सची लढाई आणि १७९५ चा ग्रीनव्हिलचा तह यांनंतर. शॉनी, मायमी आणि इतर लोकांकडून ती जमीन लष्कराने काढून घेतली आणि शस्त्र न धरणारे लोक तिथे पाठोपाठ आले. वंशावळ लिहिताना ‘ओसाड रानात वस्ती केली’ असं वाक्य येतं, ते खोडून टाका.

७. काउंटी बदलते, शेत तिथेच असतं

मॉरिसन्स कोव्हच्या उत्तर भागातलं एक शेत घ्या. १७५० पासून ते कंबरलँड काउंटीत. १७७१ मध्ये बेडफर्ड निघाली. १७८७ मध्ये तोच भाग हंटिंग्डनमध्ये गेला, १८४६ मध्ये ब्लेअरमध्ये. शेतकरी जागचा हलला नाही आणि कागद चार ठिकाणी पडले. ऑनलाइन झाडांत (वंशवृक्षांत) त्याच माणसाचं ‘बेडफर्डहून ब्लेअरला स्थलांतर’ लिहिलेलं असतं! व्हर्जिनियातही तेच: रॉकिंगहॅम १७७८ ची, फ्रँकलिन १७८६ ची. त्याआधीचे कागद मातृ-काउंटीत शोधा.

पेनसिल्व्हेनिया-मेरीलँडच्या सीमेवर तर राज्याचाच घोळ. मेसन आणि डिक्सन यांनी १७६३ ते १७६७ मध्ये रेषा आखेपर्यंत कोनेवागोच्या भागावर दोन्ही वसाहतींचा दावा होता. त्या काळासाठी दोन्हीकडची दप्तरं बघा.

८. जमिनीचे कागद: खरं सोनं इथे

पेनसिल्व्हेनियात तीन पायऱ्या: वॉरंट (जमीन मोजून द्यायचा हुकूम), मोजणी, सनद. यांत कधी कधी तीस-चाळीस वर्षांचं अंतर असतं आणि सनद मुलाच्या किंवा अनोळखी माणसाच्या नावे निघते. तारीख बघायची ती वॉरंटची.

ओहायोत मायमी नदीच्या पश्चिमेची जमीन फेडरल सरकार सिनसिनाटीच्या कचेरीतून विकत असे. १८०० च्या कायद्याने निदान ३२० एकर, एकरी दोन डॉलर, चौथा हिस्सा सुरुवातीला आणि बाकी हप्त्यांनी. १८०४ मध्ये मर्यादा १६० एकरांवर आली, १८२० मध्ये उधारी बंद होऊन ८० एकर, एकरी सव्वा डॉलर. सनद हप्ते फिटल्यावरच मिळे. म्हणजे सनदेवर १८१२ असेल तर माणूस चार-पाच वर्षं आधीच येऊन राहिलेला असू शकतो.

ओहायोची १८१० ची जनगणना जवळपास सगळी हरवलेली, व्हर्जिनियाची १७९० चीही नाही. ती जागा करयाद्या भरून काढतात. व्हर्जिनियात १७८२ पासून जवळजवळ दरवर्षी यादी आहे. एकच साल बघून सोडू नका, ओळीने वाचा. मुलगा वयात येतो तेव्हा वेगळं नाव दिसू लागतं, बाप गेल्यावर विधवेचं. आणि ज्या वर्षी तीन-चार ओळखीची नावं *एकदम* गळतात, ते निघाल्याचं वर्ष. मग त्याच नावांचा घोळका ओहायोच्या यादीत शोधा.

या सगळ्यात वरचढ कागद म्हणजे वारसांचं खरेदीखत. बाप व्हर्जिनियात वारला, मुलं-मुली पांगलेली, आणि बऱ्याच वर्षांनी सगळ्यांनी मिळून जमीन विकली. त्या खतात लग्न झालेल्या मुली नवऱ्यांच्या नावासकट येतात आणि कोण कोणत्या काउंटीत राहतो तेही. ‘ओहायो राज्यातील मॉन्टगोमेरी काउंटीचे रहिवासी’ ही एक ओळ स्थलांतर, नातं आणि मुलीचं सासर तिन्ही सिद्ध करते. हे खत बहुतेकदा बापाच्या मृत्यूनंतर दहा-वीस वर्षांनी नोंदलेलं असतं. सूची बघताना तिथपर्यंत जायला हवं, आणि विकणाऱ्यांत पहिलं नाव जावयाचं असेल तर जावयाच्या आडनावाखाली शोधावं लागतं.

साध्या खतातही बायकोचं नाव मिळतं, कारण तिने विधवा-हक्क सोडल्याचं वेगळं लिहून घेत. मयताच्या सामानाच्या लिलावाची यादी कंटाळवाणी दिसते: नांगर, किटली, दोन गाई. पण घेणाऱ्यांची नावं वाचा, निम्मे सोयरे असतात.

९. नावांचा गोंधळ

म्युलरचा मिलर झाला, बाउमनचा बोमन, वेबरचा वीव्हर, ब्रुमबाखचा ब्रुमबाग, ग्राइबचा क्राइप, उलरिखचा उलरी किंवा वूलरी. झिमरमन कधी तसाच राहिला, कधी अर्थ घेऊन कार्पेंटर झाला. एकाच बापाच्या दोन मुलांची स्पेलिंगं वेगळी असणं अगदी नेहमीचं.

जर्मन रीतीत ‘योहान याकोब’ हा घरात याकोबच असतो. पण ‘योहान्नेस’ म्हणजे खरोखर जॉन. दुसरं म्हणजे, ‘सीनियर’ आणि ‘ज्युनियर’ हे बापलेकच असतात असं नाही. एका गावातल्या एकाच नावाच्या थोरल्या-धाकट्यांना तसं म्हणत. मिलर शोधत असाल तर नावावर भिस्त ठेवूच नका. बायको, शेत आणि शेजारी यांवरून माणूस ओळखा.

१७५२ पूर्वीच्या तारखांत इंग्रजी कागदावर वर्ष २५ मार्चला सुरू होई. जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखा तशाच उतरवा, ‘दुरुस्त’ करू नका.

१०. मंडळीशी नातं कसं दाखवायचं

लग्न कोणी लावलं ते बघा. लग्न लावणाऱ्याने काउंटीला कळवलेल्या यादीत त्याची सही असते. तो डंकर एल्डर निघाला, तर निदान एका घराचा तरी त्या मंडळीशी संबंध होता. एल्डरांची नावं पंथाच्या चार खंडी विश्वकोशात आणि जिल्हावार इतिहासांत मिळतात.

रॉकिंगहॅमच्या लिनव्हिल क्रीकचा एल्डर जॉन क्लाइन याची रोजनिशी छापलेली आहे. घोड्यावरून व्हर्जिनियापासून ओहायो-इंडियानापर्यंत फिरताना आज कोणाकडे मुक्काम, कोणाच्या अंत्यविधीला उपदेश, हे तो लिहून ठेवत असे. यादवी युद्धात, १८६४ च्या जूनमध्ये, त्याला घराजवळच गोळ्या घालून मारलं. १८३५ नंतर तुमचं घराणं त्या पट्ट्यात असेल तर ती चाळाच.

मूळ कागदांसाठी इलिनॉयमधल्या एल्जिनचं ब्रेदरन अभिलेखागार, आणि मायमी खोऱ्यासाठी ओहायोतल्या ब्रुकव्हिलचं ब्रेदरन हेरिटेज सेंटर. पत्र लिहिताना ‘सगळी माहिती पाठवा’ असं लिहू नका. एक माणूस, एक काउंटी, दहा वर्षांचा काळ आणि एकच प्रश्न, एवढंच विचारा. जुनी जर्मन पत्रं कुरेंट हस्तलिपीत असतात. आजचा जर्मन माणूसही ती सहज वाचत नाही, म्हणून फोटोबरोबर वाचून देणारा कोणी सुचवता का, तेही त्याच पत्रात विचारा.

११. डीएनए आणि तयार झाडं

डंकरांनी पिढ्यान्‌पिढ्या आपसांत लग्नं केली. त्यामुळे चाचणीत दोन माणसं असतात त्याहून जवळची दिसतात. ‘चौथं चुलतभावंड’ खरं तर तीन वाटांनी सहावं असू शकतं. आडनावाच्या प्रश्नासाठी पुरुष-वारशाची वाय चाचणी अधिक कामाची. तीसाठी त्या आडनावाचा सरळ बापाकडून आलेला पुरुष लागतो. सून चालत नाही, तिचा भाऊ किंवा काका चालतो.

ऑनलाइन तयार झाड मिळालं की प्रत्येक पिढीला दोन प्रश्न विचारा: या बापाचा हा मुलगा, हे कोणत्या कागदावर लिहिलं आहे? आणि त्याच काउंटीत त्याच नावाचा दुसरा कोणी नव्हता, हे कोणी तपासलं? उत्तर नसेल तिथे आपल्या तक्त्यात तुटक रेघ काढा. व्याह्यांना तक्ता द्याल तेव्हा त्या तुटक रेघा तशाच ठेवा, आणि मागे प्रत्येक कागदाचं पुस्तक, पान आणि काउंटी लिहून जोडा.